शेंद्र्याची गाडी बोटीतून आली तर

पत्र:

बाई, नमस्कार. मी बदनापूर तालुक्यातला. वय 39. कृषी सेवा केंद्र आहे, थोडी मोसंबीची बाग आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, 2002 ते 2016 संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाच्या प्लांटात होते. काम दारं बसवायचं. 2012 साली आम्ही 2006 ची ऑक्टाव्हिया डिझेल जुन्यात घेतली. ती दारात आली त्या दिवशी अण्णांनी दाराच्या फटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, 'गॅप बघ. ही आपल्याच लाइनवरची हाय.' तेव्हापासून ती गाडी आमच्या घरातली माणूस झाली.

संभाजीनगर-जालन्याकडच्या आम्हा नऊ जणांचा ग्रुप आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे केंब्रिज चौकात जमायचं, दौलताबाद-खुलताबादवरून म्हैसमाळ, तिथं चहा, परत. एकच नियम: गाडी शेंद्र्याची पाहिजे. 2023 ला ऑक्टाव्हिया बंद पडली तेव्हा आम्ही खरंच सुतकात होतो. मग 2025 च्या ऑक्टोबरात ती आरएस, म्हणजे तिचीच जास्त ताकदीची आवृत्ती, होऊन परत आली, पण बाहेर बांधून, जहाजातून. आमच्यातल्या एकानं घेतली. ग्रुपातल्या थोरल्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, 'बोटीतली गाडी आपल्या रांगेत चालायची नाही.' तो मित्र तेव्हापासून येत नाही.

खरं सांगू का, माझंही मन त्या गाडीवर गेलंय. पुण्यातले एक ओळखीचे त्यांची द्यायला तयार आहेत, 58 लाखांना. माझ्याकडे 25 आहेत, बाकी कर्ज. बायको दोन दिवस बोलत नाहीये. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. मी ती घेतली तर गद्दारी होईल का?

उत्तर:

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा अण्णांच्या त्या बोटापाशी थांबले.

गाड्यांमधलं मला फार कळत नाही, कारखान्यांतलं कळतं. आमचे हे सत्तावीस वर्षं वाळूजला स्कूटरच्या कारखान्यात होते. शिफ्टची बस किती वाजता येणार यावर आमच्या घरातल्या भाकरी भाजल्या गेल्या. खाली इंजिनाबद्दल जे काही येईल ते भाच्याला विचारून लिहिलेलं आहे. त्याचं चिकलठाण्याला गॅरेज आहे, आणि तो माणसांबद्दल बोलतो त्यापेक्षा गाड्यांबद्दल जास्त खरं बोलतो.

आधी तो गद्दारी शब्द बाजूला ठेवा. आपल्या राज्यात गेली काही वर्षं तो इतका वापरला गेलाय की त्याला धारच राहिली नाही.

आता थोडं कडू. तुमची 2006 ची गाडी तरी किती 'आपली' होती? 2001 पासून शेंद्र्यात ऑक्टाव्हिया तयार व्हायला लागली असं आपण अभिमानानं सांगतो, आणि ते खोटं नाही. पण ती गाडी मुळात चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लाव गावच्या कंपनीची. भाग कंटेनरात भरून बंदरात उतरायचे, तिथून ट्रकनं शेंद्र्याला यायचे आणि इथं त्यांची जोडणी व्हायची. म्हणजे तुमची लाडकी गाडीसुद्धा बोटीतूनच आली होती, फक्त सुट्या भागांत. तुमच्या थोरल्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असून विसरायचं, हे आपल्या सगळ्यांनाच जमतं.

मग त्या गाडीत आपलं काय होतं? अण्णांचा हात. बदनापूरहून पहाटे निघून, थंडीत मफलर गुंडाळून, लाइनवर उभं राहून दार असं बसवायचं की लावताना ठक्क असा एकच आवाज यावा. ती दोन-तीन मिलिमीटरची फट वरपासून खालपर्यंत सारखी ठेवायची. शिक्का परदेशी, इंजिन परदेशी, फट मात्र मराठवाड्याची. भाऊ, तुमची निष्ठा त्या फटीशी आहे, आणि ती खरी आहे. ती कंपनीशी आहे असं तुम्ही धरून चाललाय, म्हणून तुम्हाला फसवल्यासारखं वाटतंय.

कंपनीनं काय केलं ते सांगते, कारण त्यात राग धरण्यासारखं फार कमी आहे. 1 एप्रिल 2023 पासून धुराचे नियम कडक झाले. प्रयोगशाळेतलं मोजमाप पुरेनासं झालं, गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर किती धूर सोडते तेही बघितलं जाऊ लागलं. त्यासाठी गाडीत बदल करायचे, तपासण्या करून घ्यायच्या, हा खर्च. आणि तो खर्च काढायचा तर गाड्या खपायला हव्यात. लोकांना आता उंच गाड्या पाहिजेत. लग्नात नवरदेव आणायलासुद्धा सेडान कोणी मागत नाही. तेव्हा हिशेब करून गाडी थांबवली. प्लांट बंद पडलेला नाही. शेंद्र्यात अजून स्कोडाचीच कोडियाक जोडली जाते, ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात. अण्णांच्या जागी कुणाचा तरी पोरगा आजही दाराची फट जुळवत उभा असेल.

आणि परत आली ती जहाजातून का, तर तोही हिशेबच. इथं नव्यानं सगळ्या चाचण्या न करता वर्षाला 2,500 पर्यंत गाड्या बाहेरून आणायची सवलत कंपन्यांना 2018 पासून आहे. त्या सवलतीत थोड्या गाड्या आणायच्या आणि ज्यांच्या मनातून ती गेलेलीच नाही त्यांना विकायच्या. शंभरच आल्या. 49 लाख 99 हजार, तेही शोरूमच्या आतली किंमत, आणि तरी बुकिंगमध्येच संपल्या. ते शंभर जण म्हणजे तुमच्यासारखेच लोक, हे कंपनीला चांगलं माहीत होतं. निष्ठेला बाजारात भाव असतो भाऊ, फक्त तो भाव निष्ठावंताला मिळत नाही, त्याच्याकडून घेतला जातो.

तो भाव कसा चढतो तेही बघा. पूर्ण तयार गाडी आणली की सीमेवर 70 टक्के शुल्क, महागडी असली तर त्याहून जास्त. म्हणजे शंभर रुपयांची गाडी बंदरातून बाहेर पडताना 170 ची. त्यावर 40 टक्के जीएसटी धरा, झाली 238 ची. नफा, वाहतूक अजून धरलीच नाही. हीच गाडी सुट्या भागांत आणून इथं जोडली तर शुल्क कितीतरी कमी. अण्णांच्या हाताची किंमत सरकारच्या लेखी काय होती ती या फरकात दिसते. पुढं आपल्या राज्यात आयात गाडीला रस्ता कर 20 टक्के. इथं तयार झालेल्या वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के. पन्नास लाखांवर हा फरक साडेतीन लाखांचा. पुण्याच्या त्या गृहस्थांनी जवळजवळ दहा लाख नुसता रस्ता कर भरला असणार, आणि तुमच्याकडून मागितलेल्या 58 लाखांत तो बसलेला आहे. तुम्ही गाडीसाठी 58 देत नाही आहात. गाडी आणि तिच्याभोवतीचा जकातनाका, दोन्ही विकत घेताय.

कर्जाचं लवकर उरकते, कारण ते तुमच्या बायकोनं तुम्हाला न बोलता सांगितलेलंच आहे. 33 लाख, सात वर्षं, जुन्या गाडीचा व्याजदर 11 टक्के धरला तर हप्ता साडेछपन्न हजारांच्या घरात, आणि नुसतं व्याज साडेचौदा लाखांच्या आसपास. तुमचं दुकान खरिपावर चालतं. शेतकरी उधारीवर बियाणं नेतात आणि कापूस विकल्यावर पैसे देतात. पाऊस एक महिना लांबला तर हप्ता कुठून भरणार? मोसंबी दर वर्षी साथ देत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे कमालच. घेऊ नका.

कोणी म्हणेल, याच गावात लोकांनी एका दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. घेतल्या होत्या की. 2010 चा ऑक्टोबर, 65 कोटींची खरेदी, देशभर नाव झालं. पण ती माणसं एकत्र का आली होती? भाव पाडून घ्यायला. दीडशे जणांनी मिळून कंपनीला टेबलाच्या पलीकडे बसवलं. तुम्ही शंभरांतली एक गाडी, तीही दुसऱ्या हातची, एकटे जाऊन, मन आधीच देऊन घ्यायला निघालाय. टेबलाच्या कुठल्या बाजूला बसणार ते तुम्हीच सांगा.

आणि समजा घेतली. 265 अश्वशक्ती, शंभराचा वेग साडेसहा सेकंदांच्या आत. कुठं चालवणार? समृद्धीवर मर्यादा 120 ची. बदनापूरहून तुमच्या गावापर्यंतच्या रस्त्याचं तर नावच घ्यायला नको. एकोणीस इंची चाकं, त्यांना पातळ टायर. भाचा म्हणाला, 'मावशी, पहिल्या खड्ड्यात टायर फुगंल, दुसऱ्यात रिम वाकंल, तिसऱ्याला गडी माझ्याकडं येईल आणि मी म्हणेन पार्ट बाहेरून येणार हाय, थांब.' देशात शंभरच गाड्या असल्या की तिचा दिवा, तिचा बंपर कुणी इथं साठवून ठेवत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल घ्यावी, छान गाडी आहे म्हणतात. तुमच्या मित्रानं घेतली त्याचं मला काहीही वावगं वाटत नाही.

त्या मित्राकडे आता येते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात वाईट मला त्याचं वाटलं.

तुमच्या थोरल्यांना एक विचारा. 2020 मध्ये आरएस 245 आली होती, दोनशे गाड्या. त्याही बाहेरून बांधूनच आल्या होत्या. तेव्हा कोणाला बोट आठवली होती का? माझा अंदाज, तेव्हा ग्रुपवर तिचेच फोटो फिरत होते. दुसरं, 'गाडी शेंद्र्याची' हा नियम काटेकोर पाळायचा तर उद्या एखादी ऑडी केंब्रिज चौकात येऊन उभी राहिली तर तिला रांगेत घ्यावं लागेल, चहाही पाजावा लागेल. चालेल? आणि स्वदेशीच मोजायची असेल तर चाकणला तयार होणारी स्कोडाचीच स्लाव्हिया तुमच्या जुन्या ऑक्टाव्हियापेक्षा कितीतरी जास्त इथली आहे. कंपनी तिच्यात 95 टक्क्यांपर्यंत इथले भाग असल्याचं सांगते. दीड लिटरचं इंजिन घेतलं तर 150 अश्वशक्ती, म्हणजे 2004 मध्ये तुम्ही मंडळी जिच्यामागं वेडे झाला होता त्या पहिल्या आरएसइतकीच. तिला तुमच्या रांगेत जागा आहे? नाही. तेव्हा हा नियम देशाचा नाही, कामगारांचाही नाही. तो नऊ मित्रांच्या एका काळाचा आहे, आणि तो काळ संपतोय याचा राग एकट्या माणसावर निघालाय. भाऊबंदकीत असंच होतं बघा. वाटणी नको असते सगळ्यांनाच, आणि शिव्या बसतात त्याला जो आधी वेगळी चूल मांडतो.

गंमत म्हणजे हेच नाटक उलट्या बाजूनंही चालू आहे. सुझुकीची जिम्नी ही जपानी माणसाच्या जिव्हाळ्याची गाडी, त्यांच्या तीन-चार पिढ्यांची. तिची पाच दारांची आवृत्ती गुरुग्रामला तयार होते आणि इथून जहाजात बसून जपानला जाते. 2025 च्या सुरुवातीला तिकडे बुकिंग सुरू झालं आणि चार दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास मागण्या आल्या. शेवटी कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. त्यांची घरची गाडी, आपल्या हातची. तिकडेही एखाद्या चौकात कोणी थोरला 'बोटीतली गाडी नको' म्हणत असेलच. पण गुरुग्रामच्या लाइनवर ज्यानं तिचं दार बसवलं त्याला ते ऐकायला आवडेल का, एवढं तुमच्या थोरल्यांना विचारा. अण्णांचं नाव घेऊन विचारलंत तरी चालेल.

मित्राला फोन तुम्हीच करा. ग्रुपवर लिहू नका. ग्रुपवर लिहिलं की सत्तावीस अंगठे येतात आणि माणूस येत नाही. 'रविवारी ये, पुढं तू, मागं मी' एवढंच म्हणा. एकजण जरी त्याच्यामागं गाडी लावून निघाला तरी बाकीचे दोन महिन्यांत निमूट येतील. थोरले शेवटी येतील, त्यांना तेवढा मान ठेवायला हरकत नाही.

आता तुमची जुनी गाडी. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल फक्त भूतकाळ आहे आणि ते मला खटकलं. तुम्ही नव्या गाडीच्या 58 लाखांचा विचार करताय, पण जुनीचा टायमिंग बेल्ट शेवटी कधी बदललात? भाच्यानं पहिला प्रश्न तोच विचारला. त्याचं म्हणणं असं: 1.9 लिटरचं ते 90 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन दणकट आहे, पण बेल्ट तुटला तर इंजिन आतून जातं, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकदमच बदलायचे. खालची रबरं, बुश, इंजिनाचे माउंटिंग वीस वर्षांत कडक झालेले असणार, ते बदलले की गाडी पुन्हा चालल्यासारखी वाटते. काचा वर-खाली करायची यंत्रणा आणि सेंट्रल लॉक हे तिचे जुने दुखणे, त्यांचा एकेक जादा सेट मिळाला तर घेऊन ठेवायचा. पार्ट मिळण्याची फार चिंता करू नका. ती गाडी ज्या सांगाड्यावर बांधलीय त्याच सांगाड्यावर त्या काळची गोल्फ आणि त्या समूहाच्या इतर गाड्या जगभर निघाल्या, त्यामुळं अजून माल येतो, आणि नाहीच मिळालं तर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात सापडतं. सगळं नीट करून घ्यायला भाच्यानं अंदाज दिला तो अडीच ते तीन लाखांचा. इंजिन उघडावं लागलं तर अर्थातच वेगळं. रंगबिंग नको म्हणाला. मीही म्हणते नको. अण्णांनी बोट फिरवलेली ती कड आहे तशी राहू द्या.

एक मर्यादा मात्र आजच ठरवा आणि बायकोला सांगा: वर्षाला अमुक रुपये, त्याच्या वर एक पैसा नाही. घरातलं माणूस म्हणून ठेवलेल्या गाड्या घर खातात, हे मी गल्लीत बघितलेलं आहे. आमच्याकडे चेतक होती, ह्यांच्याच कारखान्यातली. बंद झाल्यावर आठ वर्षं ती आम्ही पोसली. पुढं 2020 मध्ये चेतक विजेवर परत आली तेव्हा आमचे हे शोरूममध्ये जाऊन तिच्याभोवती दोन चकरा मारून आले. कशी आहे विचारलं तर म्हणाले, 'नाव तेच आहे.' आणि चहा मागितला. मी त्यावर पुढं काही विचारलं नाही. त्यांनी घेतली नाही, शिव्याही दिल्या नाहीत.

अण्णांना सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न असावा असं मला वाटतं. तुम्ही पत्रात तो एका वाक्यात उरकलाय. त्यांना सांगायला आता काही उरलंच नाही, तुम्ही गाडी घेत नाही आहात. पण विचारायला भरपूर आहे. चौदा वर्षं ते तिथं होते. लाइनवर कोण शेजारी असायचं, पहिल्या गाडीला कुणी हार घातला होता का, चेक साहेब मराठीतलं काय शिकून गेले, दार बिघडलं की कोण ओरडायचं. कधी बसून विचारलंत? तुम्हाला त्या गाडीचे सगळे आकडे पाठ आहेत आणि अण्णांच्या शिफ्टची वेळ माहीत नसेल, पैज लावते.

येत्या पहिल्या रविवारी त्यांना सोबत न्या. गुडघे दुखतात म्हणतील, पुढच्या सीटवर बसवा. म्हैसमाळला चहा झाला की मित्राची ती बोटीतली गाडी त्यांच्यासमोर उभी करा आणि कोणी काही बोलू नका. ते आपोआप दाराशी जातील, फटीवरून बोट फिरवतील, दार उघडून एकदा लावून बघतील. ते काय म्हणतात ते मला जरूर कळवा. माझा अंदाज आहे, पण लिहीत नाही.

आणि हो, तुमची गाडी 2006 ची. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पाच वर्षांचीच असते, म्हणजे ती यंदा संपत असणार. वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी 2025 पासून दहा हजार झालीय, पर्यावरण कर वेगळा. (आयात गाडीला ऐंशी हजार आहे, हे मित्राला आत्ताच सांगू नका.) मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून फॉर्म 25 भरता येतो. आरसी बुक कपाटातून काढून तारीख बघा.